न पडलेल्या छपरांबद्दल

३ फेब्रुवारी

ताई,

वर काय लिहायचं यातच पाऊण तास गेला. 'तीर्थरूप' लिहिलं असतं तर तू हसली असतीस, 'प्रिय' लिहिलं असतं तर फाडून टाकलं असतंस. म्हणून नुसतं ताई. अक्षराला नावं ठेवू नकोस. गेली कित्येक वर्षं या हाताने सह्यांपलीकडे काही केलेलं नाही.

निमित्त सांगतो. कंपनीला एकतीस वर्षं झाली. तिसाव्या वर्षी समारंभ का नाही केला, असं तू विचारशीलच. तिसावं वर्ष बोधवाक्य बदलण्यात गेलं. त्यासाठी तीन सल्लागार आणले होते, तिघांचे बूट एकसारखे. अकरा महिने विचार करून त्यांनी आम्हाला तीन शब्द दिले: 'आम्ही थांबत नाही.' आता ते प्रत्येक मजल्यावर लावलेत. लिफ्टमध्येही. गेल्या महिन्यात लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, तेव्हा आतले आठ जण चाळीस मिनिटं तेच वाचत उभे होते.

तर आता स्मरणिका निघते आहे आणि तिच्यात संस्थापकाचं मनोगत हवंय. चार पानं. मी लिहायला बसलो आणि टायरच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्या आठवल्या. तो रबराचा वास. खाली कुणी हातोडा मारला की वर आपला मॉनिटर थरथरायचा आणि तू शांतपणे एका हाताने तो धरून दुसऱ्या हाताने टाइप करायचीस. मी गिऱ्हाइकांना सांगायचो, आमच्याकडे बारा जण आहेत. खोटं नव्हतं अगदी. दोन माणसं, एक पंखा आणि लिलावातल्या नऊ खुर्च्या मिळून बाराच होत होते.

मनोगतात मी लिहिलंय: 'पूल, छप्पर, पाण्याची टाकी बांधायला घेण्याआधी ती उभी राहील की नाही हे सांगणारा प्रोग्राम आम्ही बनवला.' वाचून बघितलं आणि खोडलं. आम्ही कसलं? बनवलास तू. मी विकला.

भावोजी बरे असतील. तुझ्या शिकवण्या अजून चालू आहेत असं कळलं. गणितच ना? कामाचं असं काही नाही, सहजच लिहिलं.

तुझा भाऊ

ता. क. तुझ्या जुन्या वह्या आहेत का अजून? सहज विचारतो.


९ फेब्रुवारी

ताई,

उत्तर येईल अशी अपेक्षा नव्हती, असं लिहिणार होतो. पण रोज खाली जाऊन टपालाची पेटी उघडतो, तेव्हा ते राहू दे. 'सहज' हेही खोटं होतं. ते तू पहिल्याच ओळीत ओळखलं असशील.

एक छप्पर आहे. खेळांच्या सभागृहाचं, खाली दोन फुटबॉलची मैदानं शेजारी शेजारी मावतील एवढं. सगळं पोलाद जमिनीवरच जोडलंय, दोन हजार टन. आता बारा मनोऱ्यांवर जॅक लावून ते अख्खंच्या अख्खं वर उचलायचं, एकशे साठ पायऱ्यांमध्ये. प्रत्येक पायरीला छप्पर सहीसलामत राहील ना, हे आपल्या प्रोग्रामने सांगायचं. उचलायची तारीख २ मार्च. उचलताना साइटवर दीडशेच्या आसपास माणसं असतील.

आपल्या प्रोग्रामच्या पोटात हिशेब करणारे आता दोन गाभे आहेत. एक तू लिहिलेला गणिताचा गाभा, आणि दुसरा नवा. तो बाजारात येऊन आठ महिने झाले. पहिलं वर्षभर मोठं काम दोन्हींवर चालवायचं असा नियम आहे. नियम माझा नाही. नवा गाभा लिहिणाऱ्या विभागाची प्रमुख जी बाई आहे तिचा आहे. ऑफिसात तिला सगळे तलवार म्हणतात, कारण ती समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही. आपल्याकडे बारा वर्षं आहे, हुशार आहे. तुला आवडली असती, किंवा तुम्ही एकमेकींना दोन दिवसांत संपवलं असतंत.

नवा गाभा म्हणतो, एकशे साठही पायऱ्या ठीक. तुझा गाभा चाळिसाव्या पायरीपर्यंत मुकाट्याने चालतो. एक्केचाळिसाव्या पायरीला मधले टेकू सुटतात आणि छप्पर फक्त मनोऱ्यांवर लटकतं. तिथे तो उभा राहतो आणि तीन शब्द छापतो, तू लिहिलेले:

थांबा. पुन्हा बघा.

का थांबा, कुठे बघा, काही नाही. ताई, एखाद्याला घाबरवायचं तर निदान कारण तरी सांगावं.

"सर, जुना गाभा उगाच घाबरतो," तलवार म्हणाली. "तो त्या काळच्या यंत्रांसाठी..."

"म्हणजे म्हातारा झालाय."

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हणायचं होतं ना?"

"हो, पण तुम्ही मध्येच बोललात."

ठेकेदार तर रोज येऊन बसतो. माणूस साठीचा, आवाज साइटवरचा; माझ्या केबिनमध्येही पलीकडच्या मनोऱ्यावरच्या माणसाशी बोलल्यासारखा बोलतो. "साहेब, एका ओळीचं पत्र द्या. जुन्या प्रोग्रामचं मनावर घेऊ नका, एवढंच लिहा. सही ठोका. क्रेनवाले, जॅकवाले, सगळे येऊन बसलेत माझ्या छातीवर!"

त्या ओळीवर सही करायची की नाही, एवढाच प्रश्न आहे. केली आणि तुझा गाभा बरोबर निघाला तर काय, हे मला तुला लिहून सांगायला नको. नाही केली आणि तो चूक निघाला तर एकतीस वर्षांचं नाव गेलं. तू हे कशासाठी घातलं होतंस ते तुलाच ठाऊक. सांग.

तुझा भाऊ


१३ फेब्रुवारी

ताई,

पेटी रिकामी. हरकत नाही. आता मागायचं काही नाही, कबूल करायचं आहे.

तुझा गाभा प्रत्येक गणित दोनदा सोडवायचा, म्हणून दुप्पट वेळ लागायचा, म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरायची. एवढंच कारण होतं. तू सोडून गेलीस त्या दिवशी सतरा माणसांसमोर मी म्हणालो, "ताई, लोकांना उत्तर हवंय, तुझी शंका नकोय." तू डबा उचललास, झाकण नीट लागलंय का ते बघितलंस आणि गेलीस. दुसऱ्या दिवशी येशील असं वाटलं. तिसऱ्या दिवशीही वाटलं. त्यानंतर मी सगळ्यांना सांगायला लागलो की तुला शिकवायची आवड होती.

तू गेल्यावर ते दुसऱ्यांदा सोडवणं काढून टाकलं, असं मी जाहीर केलं. ताई, ते काढलंच नाही. काढता आलं नाही! चार माणसं तीन महिने झटली. तो एक धागा ओढला की सगळा स्वेटर उसवायचा. शेवटी तसंच ठेवलं आणि प्रदर्शनात 'आता दुप्पट वेगवान' असा फलक लावला. टेबलाखाली नवंकोरं यंत्र ठेवलं होतं आणि टेबलावरचं कापड जरा लांब घेतलं होतं. पुढे गिऱ्हाइकांचीही यंत्रं वेगवान झाली आणि कुणाला पत्ता लागला नाही. एकोणीस वर्षं तुझी शंका प्रत्येक गणितात बसलेली आहे आणि मी भाषणांमधून ती काढल्याचं सांगतोय.

दहा तारखेला तलवारला म्हटलं, जुना गाभा मला वाचून दाखव. एवढी वर्षं विकला, वाचला कधीच नव्हता. ती एकेक ओळ स्क्रीनवर दाखवत गेली आणि हळूहळू तिचा वेग कमी झाला. मग म्हणाली, "पहिल्यांदा पहिल्या समीकरणापासून शेवटपर्यंत सोडवलंय. दुसऱ्यांदा शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत. तेच गणित, उलट्या दिशेने. बांधकाम भक्कम असेल तर दोन्ही उत्तरं जुळतात. डळमळीत असेल तर बारीकसारीक आकडे दोन वाटांनी दोन ठिकाणी पोचतात. सहाव्या आकड्यापर्यंत जुळली नाहीत तर थांबा." मग माझ्याकडे वळली. "सर, हे कुणी लिहिलंय?"

"माझ्या बहिणीने."

"तुम्हाला बहीण आहे?"

ताई, बारा वर्षं ही बाई माझ्या शेजारच्या खोलीत बसते.

आणि मग मला बाबा दिसले. रस्त्याची मोजणी करत निघालेले, तू पट्टी धरून पुढे, मी सहा वर्षांचा, पाण्याची बाटली सांभाळत मागे. सगळा रस्ता मोजून झाला की मला वाटायचं सुटलो, घरी. तर बाबा दुर्बीण उलटी फिरवायचे आणि तोच रस्ता परत मोजत यायचे. मी भोकाड पसरायचो. तू मुकाट्याने पट्टी उचलून उलटी चालायला लागायचीस. त्या उन्हात तू काय शिकत होतीस आणि मी काय शिकत होतो! मी रडायला शिकलो; पुढे धंद्यात त्याचा उपयोग झाला.

खरं सांगायचं ते पुढेच आहे. आपल्या तक्रार विभागात एक बाई आहेत, वीस वर्षांच्या जुन्या. त्यांना सगळे आत्याबाई म्हणतात. त्यांना विचारलं, प्रोग्राम मध्येच थांबतो अशा तक्रारी येतात का?

"येतात की. त्यांची वेगळी फाईल आहे. अकराशे त्रेसष्ट."

"आणि तुम्ही सोडवता कशा?"

"मी काय सोडवणार? मी म्हणते, अहो, तो थांबा म्हणतोय ना, मग थांबा. पुन्हा बघा म्हणतोय, मग बघा. बघतात. सापडतं. काही जण परत फोन करून आभार मानतात, काही लाजून करत नाहीत."

ती फाईल मी घरी आणली आणि दोन दिवस जेवणाचं टेबल अडवून बसलो. एका शाळेचा जिना, वरचं टोक भिंतीला जोडायचं राहून गेलेलं. एका रुग्णालयात दोन इमारतींना जोडणारा पूल, जिथून खाटा ढकलत नेणार होते. पाण्याची टाकी, जिचा चौथा पाय नकाशात जमिनीला टेकलेलाच नव्हता. चौघांनी तपासून सह्या केलेल्या. नाट्यगृहाचा सज्जा, साडेतीनशे खुर्च्यांचा. प्रत्येकापुढे आत्याबाईंच्या अक्षरात एकच शेरा: 'सापडलं.' सापडलं, सापडलं, सापडलं. पन्नासाव्या पानानंतर मला बसवेना. उठून खोलीत फिरून आलो आणि पुन्हा बसलो.

पडलेल्या छपराची बातमी होते, चौकशी होते, फोटो येतात. न पडलेल्याचं काय होतं? काहीच नाही. त्या जिन्यावरून मुलं रोज धडपडत खाली उतरत असतील. त्या पुलावरून कुणाला तरी शस्त्रक्रियेला नेत असतील आणि तो वरचे दिवे मोजत असेल. हजारो माणसं, ताई. त्यांना तू माहीत नाहीस. मला तू माहीत होतीस आणि मी लांब कापड विकत आणलं.

या एवढ्या मोठ्या गोष्टीच्या शेजारी मी एकोणीस वर्षं राहिलो आणि मला तिचा आवाजही आला नाही. देवळात मी तसा जात नाही, पण लोक चपला का काढतात ते त्या फाईलपुढे कळलं.

तलवारची माणसं विचारतात, सहा आकडेच का? पाच का नाही? पाच घेतले तर हे छप्पर पास होतं. सहाचं रहस्य तेवढं कळव.

तुझा भाऊ


२० फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड आलं. एकोणीस वर्षांनंतर चार वाक्यं, आणि त्यातलं एक माझ्या शुद्धलेखनाबद्दल. बाकीची तीन मी पाठ केली आहेत: 'सहा हा आकडा मी अंदाजाने घेतला होता. त्यात रहस्य काही नाही. तुमचा नवा प्रोग्राम कधी थांबतो, ते विचार.'

मी कार्ड घेऊन तसाच तलवारकडे गेलो.

"नवा गाभा कधी थांबतो?"

"थांबत नाही, सर."

"म्हणजे क्वचित थांबतो?"

"कधीच नाही." तिने भिंतीवरच्या बोधवाक्याकडे बोट दाखवलं. "तुम्हीच म्हणाला होतात, गिऱ्हाइकासमोर प्रोग्राम अडला नाही पाहिजे. लेखी आहे."

"मग बांधकाम डळमळीत असलं तर करतो काय?"

"आधार देतो. आतल्या आत. ज्या बाजूला घसरतंय असं वाटेल तिथे बारीक स्प्रिंगा धरतो. अगदी नाजूक, उत्तरात फरकसुद्धा पडत नाही. गणित पुढे सरकतं."

"कुठे असतात या स्प्रिंगा?"

"गणितात."

"आणि साइटवर?"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझं वाक्य संपून बराच वेळ झाला तरी तलवार बोलली नाही. मग म्हणाली, "साइटवर नाहीत, सर." आणि तिथेच खाली बसली, खुर्ची होती की नाही हे न बघता. सुदैवाने होती.

आम्ही स्प्रिंगा बंद करून तेच गणित नव्या गाभ्यावर चालवलं. एक्केचाळिसाव्या पायरीला मधलं सगळं पोलाद एका बाजूला कललं, रांगेतल्या शेवटच्या मुलाने धक्का द्यावा आणि अख्खी रांग झुकावी तसं. मनोरे छपराला वर धरून होते, आडवं धरायला कुणीच नव्हतं. जमिनीवर असताना टेकू धरत होते, वर पोचल्यावर भिंती धरणार होत्या. मधल्या प्रवासात कुणी नाही. नकाशा काढणाऱ्यांना वाटलं ठेकेदार बघेल, ठेकेदाराला वाटलं प्रोग्राम सांगेल. आणि प्रोग्रामला मी गप्प राहायला सांगितलं होतं.

मी ते चित्र छापून घेतलं. भीती वाटली, हो, पण नुसती भीती नाही. तीस वर्षांपूर्वी टायरच्या दुकानावर बसून तू या छपराकडे बघितलं होतंस. ते तेव्हा कुणाच्या डोक्यातसुद्धा नव्हतं.

ठेकेदाराला बोलावलं. सही देणार नाही म्हटलं. त्याने टेबलावर हात आपटला. "आता सांगता? माणसं मनोऱ्यांवर चढवायची वेळ आल्यावर?"

"माणसं चढणार आहेत म्हणूनच."

"तुमचा नवा प्रोग्राम तर ठीक म्हणत होता!"

"तो खोटं बोलत होता. मी शिकवलं होतं त्याला."

टेबलावरचं ते कलंडलेलं चित्र त्याने ओढून घेतलं आणि एकेका मनोऱ्यावर बोट ठेवत, तिथे कोण उभं राहणार होतं ते सांगायला लागला. हा वेल्डर, गेल्या महिन्यात मुलगी झालेली. हा जॅकवाला, माझा मेहुणा. नऊ मनोरे झाल्यावर त्याचा आवाज, ऐकलंस तर विश्वास बसणार नाही, माझ्या आवाजाइतका झाला. "आडवे बांध घालतो," म्हणाला. "सहा आठवडे द्या."

राहिली आपली गिऱ्हाइकं. नवा गाभा आठ महिने त्यांच्याकडे आहे आणि या आठ महिन्यांत तो कुणाकुणाला आतून आधार देत बसला असेल, देव जाणे. आज सगळ्यांना पत्रं गेली: आमचा प्रोग्राम जिथे थांबायला हवा तिथे थांबत नव्हता, चूक माझी, आठ महिन्यांतली सगळी कामं पुन्हा चालवा. मसुदा वकिलाने वाचला आणि पाणी मागितलं. 'चूक माझी' काढा म्हणत होता. ठेवलं. सल्लागारांपैकी एकाचा फोन आला होता, मी घेतला नाही. बोधवाक्याचे फलक उतरवायला माणूस लावलाय. गोंद चांगला होता, भिंतीचा रंगही निघतोय.

कंपनी यातून उभी राहील की नाही, माहीत नाही. पहिल्यांदाच हे मी आधी मोजलेलं नाही.

तुझा भाऊ


१४ एप्रिल

ताई,

तू येशील असं कळवलं नव्हतंस. पिवळं हेल्मेट घातलेली, कमरेवर हात ठेवलेली एक बाई कठड्यापाशी दिसली आणि माझ्या आधी माझ्या पायांनी ओळखलं. एकोणीस वर्षांनी तुझं पहिलं वाक्य काय असेल याचा मी बराच विचार करून ठेवला होता. 'पोट सुटलंय तुझं' हे त्यात नव्हतं.

तलवारने तुला प्रश्न विचारून विचारून हैराण केलं. तू तिचं एकही वाक्य पुरं होऊ दिलं नाहीस, ते बघून डोळे निवले. "आता तुझा गाभा कधी थांबतो गं?" असं तू तिला विचारलंस, आणि "दिवसातून चारदा, ताई. गिऱ्हाइकं शिव्या घालतात," असं ती म्हणाली, तेव्हा किती वर्षांनी तुला हसताना बघितलं ते मी मोजत बसलो नाही.

एक्केचाळिसावी पायरी आपण शेजारी उभं राहून बघितली. मला वाटलं होतं काहीतरी कडाडेल. दोन हजार टन पोलाद टेकूंवरून सुटलं आणि आवाज एवढाच झाला की कुणीतरी खुर्ची मागे सरकवली. चारही बाजूंनी एकदम खाली उजेड घुसला आणि आठवडाभर आत अडकलेली दोन कबुतरं त्या फटीतून भुर्रकन बाहेर आली. आडवे बांध ताठ झाले. सगळे वर बघत होते. मी तुझ्याकडे बघितलं तर तू खाली बघत होतीस, माणसांकडे.

"भीती वाटते?" मी विचारलं.

"दरवेळी," तू म्हणालीस.

अकराशे त्रेसष्ट वेळा, आणि ज्या आमच्यापर्यंत आल्याच नाहीत त्या वेगळ्या.

मग तू साडेतीनची गाडी गाठायला निघालीस. म्हणून पुढचं तुला माहीत नाही, आणि ते सांगायलाच हे पत्र.

छप्पर पाच वाजता जागेवर बसलं. वर भिंतींशी जोडून झालं, जॅकना कुलपं बसली, ठेकेदाराने मनोऱ्यावरून उतरून एकेक जोड स्वतः हाताने चाचपला. सकाळपासून कुणी जेवलं नव्हतं. त्याने भोंगा वाजवला आणि दीडशे माणसं आपापले डबे घेऊन उतरतं ऊन चुकवायला आत आली. थेट मधोमध, जिथे वर सगळ्यात जास्त पोलाद आहे तिथे, मांडी घालून बसली. वेल्डर होता, मेहुणा होता. झाकणं उघडली, कुणी कुणाचं लोणचं पळवलं, कुणीतरी शिवी दिली, हशा पिकला.

मी कठड्याला टेकून बघत राहिलो. जेवण संपेपर्यंत, ताई, त्यातल्या एकानेही वर बघितलं नाही.

तुझा भाऊ